आगबोटीच्या पोटात

मोठ्या प्रवासी आगबोटीवर एक दार असे असते की, त्याच्या अलीकडे गालिचा असतो आणि पलीकडे नुसते रंगविलेले लोखंड. अलीकडे पितळी दिवे, भिंतीवरील चित्रे आणि मंद वाद्यसंगीत. पलीकडे छताला लागून धावणाऱ्या नळ्या, भाजीच्या पेट्या आणि घाईने येणारीजाणारी माणसे. दारावर फक्त एवढेच लिहिलेले असते की, उतारूंनी आत येऊ नये. आत काय आहे हे पाहण्याची इच्छा माणसाच्या मनात उत्पन्न व्हावयास ह्याहून अधिक काही लागत नाही.

गेल्या दीड-दोन दशकांत ह्या इच्छेचा पद्धतशीर व्यापार सुरू झालेला आहे. अमेरिकेच्या बंदरांतून निघणाऱ्या सहलीच्या जहाजांवर निवडक उतारूंना बोटीचा अंतर्भाग दाखविण्याची सोय असते. पंधरावीस जणांची तुकडी करावयाची, प्रत्येकाकडून शंभर-दीडशे डॉलर घ्यावयाचे, अंग तपासावयाचे, छायाचित्रण वर्ज्य करावयाचे, बंद पादत्राणे घालावयास लावावयाचे आणि तीन-चार तासांत भटारखाना, धोबीखाना, कोठार, दवाखाना, नाट्यगृहाची मागची बाजू, एंजिनांचे नियंत्रण जेथून होते ती खोली आणि शेवटी कप्तानाचा ब्रिज दाखवून आणावयाचे, असा त्याचा साधारण क्रम. परत येताना हातात कंपनीची भेटवस्तू पडते. पुष्कळ उतारू म्हणतात की, सबंध सफरीत मनात राहिले ते हेच तीन-चार तास. त्यात खोटे काही नसावे. बंदरे सर्वांना दिसतात; दाराच्या पलीकडचे थोड्यांनाच दिसते.

परंतु हे दार आजचे नाही. त्याला शंभर-दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात जो प्रश्न पुनःपुन्हा उभा राहिला तो असा की, खाली जाऊन पाहणाऱ्याला नेमके काय पाहावयाचे असते? यंत्र, की यंत्रापाशी उभा असलेला माणूस?

आरंभी तरी उत्तर सरळ होते. लोकांना यंत्रच पाहावयाचे होते. इझंबार्ड ब्रुनेल ह्या इंग्रज स्थापत्यविशारदाने बांधलेली ‘ग्रेट ईस्टर्न’ ही आगबोट १८५८ मध्ये पाण्यात उतरली. तिची लांबी ६९२ फूट होती. वल्ह्यांची चाके, मळसूत्री पंखा आणि शिडे ह्या तिन्ही साधनांनी ती चालावयाची, आणि चार हजार उतारू नेण्याची तिची योजना होती. तेवढे उतारू तिला कधीच मिळाले नाहीत. पाहुणे मात्र उदंड मिळाले. १८६० मध्ये ती प्रथम न्यूयॉर्कला गेली तेव्हा तिकीट काढून ती पाहावयास लोटलेल्या गर्दीला सुमार नव्हता. तत्पूर्वी, १८५९ च्या सप्टेंबरात, चाचणीच्या सफरीवर निमंत्रित मंडळींसह ती हेस्टिंग्जजवळून चालली असता पुढच्या धुराड्याभोवतालचे पाणी तापविण्याचे वेष्टण फुटले. वरचा शृंगारलेला दिवाणखाना उद्ध्वस्त झाला. पण पाहुणे त्या वेळी किनाऱ्याची शोभा पाहण्यासाठी बाहेर गेलेले असल्यामुळे बचावले. मेले ते भट्टीवरचे कामगार. दाराच्या दोन बाजूंचा हिशेब इतक्या स्पष्टपणे क्वचितच मांडला गेला असेल. अंथरुणाला खिळलेला ब्रुनेल त्यानंतर आठवड्याच्या आतच वारला.

स्कॉटलंडात क्लाइड नदीवरील छोट्या आगबोटींवर मात्र यंत्र पाहणे हा घरगुती आनंदाचा विषय होता. तेथे एंजिनघर मधोमध असे, कठड्याशी उभे राहून कोणीही चकचकीत दांड्यांचे खालीवर होणे पाहत राहावे. मुलांना घेऊन बाप तेथे उभे राहत. पुढेपुढे ‘जरा एंजिने पाहून येतो’ ह्या वाक्याला तिकडे निराळाच अर्थ प्राप्त झाला. एंजिनघराकडे जाणाऱ्या वाटेवरच मद्याची खोली असे, आणि बायकामुलांना डेकवर बसवून ‘एंजिने पाहावयास’ गेलेले गृहस्थ बऱ्याच वेळाने प्रसन्न मुद्रेने परत येत. ह्याच परंपरेतील ‘वेव्हर्ली’ ही १९४६ मध्ये बांधलेली चाकांची आगबोट अद्याप समुद्रावर चालते, आणि तिची एंजिने आजही उतारूंना मोकळेपणाने पाहता येतात.

लांबच्या सफरीच्या बोटींवर असा मोकळेपणा नव्हता. तेथे पहिला वर्ग, दुसरा वर्ग आणि तळचा वर्ग ह्यांच्यामध्ये फाटके असत. वरच्यांना खाली जाता येई, खालच्यांना वर येता येत नसे. १८७९ च्या ऑगस्टात रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा तरुण लेखक ग्लासगोहून न्यूयॉर्कला ‘डेव्होनिया’ बोटीने गेला. पैसे थोडे, म्हणून तळच्या वर्गाहून किंचित बरी अशी जागा त्याने घेतली होती. पण त्याचे दिवस गेले ते तळच्या उतारूंतच. एके दिवशी वरच्या वर्गातील एक गृहस्थ आणि दोन तरुण स्त्रिया ह्या गरिबांच्या वस्तीतून फेरफटका करावयास आल्या. पाय जपून टाकीत, कौतुकाने हसत, जणू काही दानधर्म करीत असल्याच्या ऐटीत त्या निघून गेल्या. स्टीव्हन्सन लिहितो त्याचा आशय असा की, तोपर्यंत आपण गरिबांत राहून त्यांचे निरीक्षण करीत आहोत असे त्याला वाटत होते. त्या क्षणी मात्र आपलेच निरीक्षण झाल्याची चीड त्याला आली. मनुष्य सभ्य घराण्यातील होता, इमारतींचा आणि दीपगृहांचा व्यवसाय करणाऱ्या कुळातला होता. पण कपडे जुने असल्यामुळे त्या स्त्रियांच्या नजरेत तो इतरांसारखाच ठरला. हे त्याचे प्रवासवर्णन त्याच्या मृत्यूनंतर, १८९५ मध्ये, पुस्तकरूपाने पुढे आले.

त्याच सुमारास किपलिंगने बोटीवरील एका वयस्क स्कॉच एंजिनियराच्या तोंडी घातलेली आपली प्रसिद्ध दीर्घ कविता लिहिली. १८९४ मध्ये ती छापली गेली. तीत एक उमराव उतारू आहे. पायांत उंची कातड्याचे जोडे आणि डोक्यावर विहारनौकेची टोपी घालून तो एंजिनघर पाहावयास येतो. एंजिनियर त्याला सगळे दाखवितो, आणि सगळे पाहून झाल्यावर तो सद्गृहस्थ विचारतो की, ह्या वाफेमुळे समुद्रावरील काव्य नाहीसे झाले असे नाही का आपणास वाटत? त्या दिवशी सकाळी एंजिनियर यंत्राच्या दांड्यांखाली उताणा पडून, नाकापासून तीन इंचांवरचे जोड तपासून आलेला असतो. त्याच्या दृष्टीने सगळे काव्य तेथेच होते. किपलिंग साम्राज्याचा भाट म्हणून आपल्याकडे बदनाम आहे, आणि ते अकारण नव्हे. तथापि भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाची ही चीड त्याने अचूक पकडली आहे, हे मान्य केले पाहिजे.

सहलीची बोट ही स्वतंत्र वस्तू ह्याच काळात जन्मास आली. हिवाळ्यात उत्तर अटलांटिकावर उतारू मिळत नाहीत आणि बोटी रिकाम्या पडून राहतात, ह्यावर तोड म्हणून हांबुर्ग-अमेरिका कंपनीच्या आल्बर्ट बालीन ह्याने २२ जानेवारी १८९१ रोजी ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ ही बोट २४१ उतारूंसह भूमध्य समुद्राकडे धाडली. सफर दोन महिन्यांची होती. ह्या कल्पनेत नवीन होते ते हे की, उतारूंना कोठेच पोहोचावयाचे नव्हते. आतापर्यंत बोट हे साधन होते, आता ते मुक्कामाचे ठिकाण झाले. आणि मुक्कामाचे ठिकाण म्हटले की, ते पाहून घेणे ओघानेच आले.

आता खाली काय होते ते पाहू. १९०७ ची ‘मॉरेटेनिया’ ही त्या काळची सर्वांत वेगवान आगबोट. तिच्या पंचवीस बॉयलरांना मिळून १९२ भट्ट्या होत्या आणि दिवसाला सुमारे एक हजार टन कोळसा त्यांत जाई. हा सगळा कोळसा माणसे फावड्याने टाकीत. एकाने कोठारातून ढकलगाडीने कोळसा आणावयाचा, दुसऱ्याने तो भट्टीत फेकावयाचा, पसरावयाचा, लांब सळईने निखारे फोडावयाचे, राख ओढावयाची. चार तास काम आणि आठ तास विश्रांती, असे आळीपाळीने सबंध सफरभर. कोणती भट्टी केव्हा भरावयाची हेही माणसाच्या मर्जीवर ठेवलेले नव्हते. घंटा वाजवून भट्टीचा क्रमांक दाखविणारे यंत्र भिंतीवर होते. वर नाच चालू असे त्याच वेळी खाली घंटा वाजत असे.

ह्या घंटेच्या जागी शिटी घालून युजीन ओनीलने आपले ‘द हेअरी एप’ हे नाटक लिहिले. न्यूयॉर्क येथे ते ९ मार्च १९२२ रोजी प्रथम रंगभूमीवर आले. ओनील स्वतः अटलांटिकावरील बोटींवर खलाशी म्हणून राबलेला होता, आणि ड्रिस्कॉल नावाचा एक आडदांड भट्टीवाला त्याचा स्नेही होता. आपल्या बळाचा अभिमान असणाऱ्या त्या माणसाने १९१५ मध्ये भर समुद्रात उडी टाकून जीव दिला. असे का झाले, हे कोडे नाटककाराच्या मनात घर करून राहिले.

नाटकातील मिल्ड्रेड ही एका पोलाद-कारखानदाराची मुलगी. बाप त्या आगबोट कंपनीच्या संचालकमंडळाचाही अध्यक्ष. मुलीला गरिबांची सेवा करण्याची हौस आहे, न्यूयॉर्कच्या दरिद्री वस्त्या तिने पाहिलेल्या आहेत, आणि आता भट्टीखाना पाहावयाचा आहे. ती पांढराशुभ्र पोषाख घालून निघते. सोबतचा एंजिनियर म्हणतो, कपडे मळतील. ती उत्तर देते की, असे पन्नास पोषाख आहेत, परत आल्यावर हा समुद्रात फेकून देईन. खाली यँक हा भट्टीवाल्यांचा म्होरक्या शिटी वाजविणाऱ्याला वर पाहून शिव्या देत असतो. मागे वळतो तो समोर पांढरी आकृती. ती त्याचे काळवंडलेले, घामाने निथळणारे शरीर पाहते, किळसवाणे जनावर अशा अर्थाचे शब्द उच्चारते आणि मूर्च्छित पडते. सगळी भेट काही क्षणांची. परंतु तोपर्यंत ‘ही बोट मी चालवतो’ असे समजणारा यँक त्या क्षणापासून मोडतो. तिचा सूड घ्यावयास तो शहरात जातो, तुरुंगात जातो, शेवटी प्राणिसंग्रहालयात गोरिलाच्या पिंजऱ्याशी येतो आणि त्याच्याच मिठीत मरतो.

नाटकाला आता शंभर वर्षे उलटली. टीकाकारांनी त्याचे अनेक अर्थ लावले. परंतु बोटीच्या इतिहासाच्या दृष्टीने त्यातला साधा अर्थही थोडा नाही. पाहावयास येणाऱ्याच्या मनात कुतूहल असते, दया असते, कदाचित सदिच्छाही असते. ज्याला पाहिले जाते त्याच्या मनाचा विचार त्या बेतात कोठेच नसतो.

हे नाटक रंगभूमीवर आल्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत आपल्या लोकांचा निकटचा संबंध असलेली एक घटना घडली. पी. अँड ओ. कंपनीची ‘इजिप्त’ ही बोट लंडनहून मुंबईस निघाली होती. उतारू अवघे ४४, कारण बरेचसे मार्सेल्सला चढावयाचे होते; नोकरवर्ग मात्र २९४ जणांचा. त्यात बहुसंख्य भारतीय होते. २० मे १९२२ रोजी सायंकाळी, फ्रान्सच्या वायव्य टोकाजवळ दाट धुक्यात, ‘सेन’ नावाची फ्रेंच मालबोट तिच्या कुशीत घुसली. बर्फातून वाट काढण्यासाठी त्या मालबोटीची नाळ मुद्दाम बळकट केलेली होती. वीसेक मिनिटांत ‘इजिप्त’ बुडाली. ८६ माणसे गेली. त्यांपैकी ७१ नोकरवर्गातील होती.

विलायतेतील वर्तमानपत्रांत गवगवा झाला तो भारतीय खलाशांच्या घबराटीचा. त्यांनी बोटींवर झडप घातली, शिस्त सोडली, असे आरोप झाले. रीतसर चौकशी झाली तेव्हा दोष निराळ्या ठिकाणी निघाला. संकटकाळी बोटी उतरविण्याचा सराव नोकरवर्गाला जसा द्यावयास हवा होता तसा दिलेला नव्हता, आणि त्याची जबाबदारी कप्तान व मुख्य अधिकारी ह्यांच्यावर आली. कंपनीच्या देखरेखीतही उणीव दिसली. ‘इजिप्त’बरोबर दहा लाख पौंडांहून अधिक किमतीचे सोनेचांदी बुडाले होते. १९३२ मध्ये इटालियन पाणबुड्यांनी सुमारे चारशे फूट खोलीवरून ते काढावयास आरंभ केला, आणि जगभर त्याचीच वार्ता झाली. खलाशांवरील आरोप मात्र कित्येकांच्या स्मरणात तसाच राहिला.

ही माणसे कोण होती? पी. अँड ओ.च्या बोटीवर कामांची वाटणी जातवार आणि प्रांतवार असे. डेकवर गुजरात आणि कोकणच्या किनाऱ्यावरचे दर्यावर्दी; त्यांत रत्नागिरीकडील मुसलमान पुष्कळ. भट्टीवर पंजाबी आणि पठाण. भोजनगृहात आणि भटारखान्यात गोवेकर. खाण्यापिण्याचे कोणतेच पदार्थ हाताळावयास ह्या ख्रिस्ती मंडळींना धर्माचा अडसर नव्हता, आणि पाश्चात्त्य पाकक्रिया व वाढपाची रीत त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली. गोमंतकात त्यांना ‘तारवटी’ म्हणतात. मुंबईत धोबीतलावाच्या आसपास गावागावांच्या नावाने त्यांच्या ‘कुडी’ होत्या; दोन सफरींच्या मधल्या काळात तेथे पेटी ठेवावयाची, रोजची प्रार्थना करावयाची आणि बोट मिळण्याची वाट पाहावयाची.

बोटीच्या पोटातील भाषाही ह्या लोकांनीच घडविली. म्होरक्या तो सारंग, त्याचा हाताखालचा तांडेल, सुकाणू धरणारा सुकाणी, रांधणारा भंडारी, भट्टी पेटती ठेवणारा आगवाला, यंत्राला वंगण घालणारा तेलवाला. फारशी, अरबी, पोर्तुगीज, मराठी, हिंदुस्थानी ह्यांची ती खिचडी इंग्रज अधिकाऱ्यांना शिकावी लागे. टॉमस रोबक ह्याने तर १८११ मध्येच कलकत्त्यास तिचा कोश छापला होता. म्हणजे ज्या काळी वरच्या उतारूला खालच्या माणसाचे नाव ठाऊक नव्हते, त्या काळी जहाजाच्या दोरखंडांची आणि शिडांची नावे त्याच माणसाच्या भाषेत कोशात जाऊन बसली होती.

राहण्याची जागा? इंग्लंडच्या १८९४ च्या कायद्याने गोऱ्या खलाशाला निदान ७२ घनफूट जागा ठरविली होती, आणि १९०६ नंतर ती १२० झाली. भारतात भरती झालेल्या खलाशाला ३६ घनफूट. सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी पेटी कल्पिली म्हणजे हिशेब पुरा होतो. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी ब्रिटिश बोटींवर असे सुमारे पन्नास हजार खलाशी होते. बोट पाहावयास निघालेल्या उतारूला ही जागा दाखविण्याची कोणाला कधी बुद्धी झाली असेल, असे वाटत नाही.

पहिल्या महायुद्धानंतर कोळशाच्या जागी तेल आले, आणि फावडे गेले. शेकड्यांनी असलेले भट्टीवाले दशकांवर आले. एंजिनघर स्वच्छ झाले, पुढे तर ते काचेच्या खोलीतील दिवे आणि पडदे ह्यांपुरतेच उरले. दाखविण्यासारखे झाले, असेही म्हणता येईल. ब्रिजवर तर पूर्वी बोलावणे सहज येत असे. मुलांना क्षणभर सुकाणूपाशी उभे करण्याचे कौतुक कित्येक कप्तानांनी केले. ११ सप्टेंबर २००१ च्या न्यूयॉर्क येथील घातपातानंतर हे संपले. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००२ मध्ये संमत केलेली सुरक्षा-संहिता १ जुलै २००४ पासून अमलात आली आणि बोटीचे अंतर्भाग कुलपाआड गेले. जे आमंत्रणाने, फुकट मिळत होते ते दुर्मिळ झाले. आणि दुर्मिळ झाल्यावर त्याला दर लागला. १३ जानेवारी २०१२ रोजी ‘कोस्ता कोंकोर्दिया’ इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळली, ३२ माणसे मेली. त्या रात्री ब्रिजवर तेथे काही काम नसलेली मंडळी जमली होती. पुढे सहल-कंपन्यांच्या संघानेच ठरविले की, नाजूक प्रसंगी ब्रिजवर परक्याला प्रवेश नाही. आता पैसे भरून आलेल्या उतारूला तेथे नेतात ते बहुधा बोट मोकळ्या समुद्रात असता किंवा धक्क्याला लागली असता.

बोटी मात्र वाढतच गेल्या. २०२४ मध्ये फिरू लागलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वर गर्दीच्या वेळी ७,६०० उतारू आणि सुमारे २,३५० नोकरवर्ग राहू शकतो. एवढ्यांना पुरणारा भटारखाना आणि धोबीखाना पाहणे हे खरोखरच विस्मयकारक असते, आणि त्यात हिणविण्यासारखे काही नाही. चादरींच्या राशी घड्या घालून बाहेर टाकणारे यंत्र पाहून आजीबाईंनी तोंडात बोट घालावे, हे योग्यच आहे.

खालच्या मुख्य रस्त्याला जुन्या-नव्या सर्व बोटींवर टोपणनाव असते. ‘टायटॅनिक’वर खलाशी त्याला लिव्हरपूलच्या गरीब वस्तीतील रस्त्यावरून ‘स्कॉटलंड रोड’ म्हणत. त्याच रस्त्याला अधिकारी लंडनच्या श्रीमंत भागावरून ‘पार्क लेन’ म्हणत. ‘क्वीन मेरी २’वर तो ‘बर्मा रोड’ आहे, अमेरिकन बोटींवर तिकडच्या महामार्गाचा क्रमांक त्याला दिलेला असतो. दौऱ्यावरची तुकडी ह्याच रस्त्याने जाते. दोन्ही बाजूंना फिलिपिनो, इंडोनेशियन, भारतीय चेहरे. त्यांत गोव्याचे तारवटी आजही पुष्कळ. सहा-सहा, नऊ-नऊ महिन्यांच्या करारावर ते आलेले असतात. त्यांच्या निजण्याच्या खोल्या सहसा दौऱ्याच्या यादीत नसतात, आणि ते बरेच आहे. तेवढा आडोसा तरी माणसाला हवा.

त्याच रस्त्यावर भिंतीला एक तक्ता लावलेला असतो. २००६ मध्ये ठरलेला आणि २० ऑगस्ट २०१३ पासून अमलात आलेला सागरी श्रमकरार बोटीवरील प्रत्येक हुद्द्याच्या कामाचे तास उघड्यावर लावणे सक्तीचे करतो. दिवसाच्या चोवीस तासांत निदान दहा तास विश्रांती, आठवड्यात निदान ७७ तास. तक्ता बोटीवरील व्यवहाराच्या भाषेत आणि इंग्रजीत लिहावा लागतो. तो उतारूंसाठी लावलेला नाही. परंतु भटारखान्याकडून धोबीखान्याकडे जाताना तो वाटेतच लागतो, आणि वाटाड्या बोलत असताना दोन मिनिटे उभे राहून तो वाचता येतो.